वाट मोकळी, वाटाही शाबूत

जी गोष्ट टिकत नाही तिला मराठी माणूस ‘पाण्यावरची रेघ’ म्हणतो. परंतु समुद्रकाठी आणि खाडीकाठी राहणाऱ्यांना ठाऊक आहे की, पाण्यावर एक रेघ अशी असते, जी डोळ्यांना दिसत नसली तरी पुसून टाकता येत नाही. नदीच्या मुखापासून आतल्या धक्क्यापर्यंत खोल पाण्याची जी वाट जाते, तिच्या दोन्ही कडांची ती रेघ होय. त्या रेघेच्या आत जहाज चालते, बार्ज चालते, फेरीबोट चालते. रेघेच्या बाहेर, उथळ पाण्यात, तिवरांच्या सावलीत, लहान होडीवाला आपले जाळे टाकतो आणि कुर्ल्यांसाठी सापळे लावतो. ही व्यवस्था कोणी कागदावर लिहून न देता पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आता ती विसकटू लागली आहे. वाहतुकीच्या वाटेत सापळे येऊ लागले आहेत आणि सापळ्यांच्या जागेत वाहतूक शिरू लागली आहे. दोहोंपैकी कोणतीही एक गोष्ट वाईटच. दोन्ही एकाच वेळी घडू लागल्या म्हणजे अपघाताची वाट पाहण्यापलीकडे काही उरत नाही.

खेकड्याचा सापळा हा का अग्रलेखाचा विषय, असे एखादा वाचक विचारील. राज्यापुढे याहून मोठे प्रश्न नाहीत काय? आहेत, आणि त्यांवर आम्ही लिहीतच असतो. पण लहान माणसाचा प्रश्न लहान म्हणून बाजूला टाकायचा, आणि त्यातून एखाद्या दिवशी होडी बुडाली की चौकशीची मागणी करायची, ही रीत आम्हांस मान्य नाही. आज जे थोड्या शहाणपणाने आणि थोड्या खर्चाने निभावेल, ते उद्या प्राण देऊनही निस्तरणार नाही.

ज्यांचा पाण्याशी संबंध केवळ पुलावरून जाण्यापुरता आहे, त्यांच्यासाठी हा सापळा म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे. लोखंडी कडीला जाळे ताणून, मध्ये मासळीचे डोके आमिष म्हणून बांधून, तळाशी सोडायचे, हा त्याचा साधा प्रकार. गोव्यात कित्येक ठिकाणी त्याला कोबळे म्हणतात. तिकडे रायगड-उरणच्या बाजूला फग हा शब्द चालतो. अलीकडे चारही बाजूंनी बंद असलेले पिंजरेही आले आहेत. त्यांत खेकडा आत शिरतो, पण त्याला बाहेर पडता येत नाही. प्रकार कोणताही असो, रचना एकच. तळाशी सापळा, त्याला बांधलेली दोरी, आणि दोरीच्या वरच्या टोकाला पाण्यावर तरंगणारी खूण. ही खूण पुष्कळदा पाण्याची रिकामी बाटली असते, तेलाचा जुना डबा असतो किंवा थर्माकोलचा तुकडा असतो. गरीब माणसाच्या हाताशी जे असते ते तो बांधतो, याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण संकटाचे मूळ त्या बाटलीत आणि त्या दोरीत आहे, हेही तितकेच खरे.

बाजारात मिळणारी स्वस्त प्लास्टिकची दोरी पाण्याहून हलकी असते, ती तरंगते. नायलॉनची दोरी बुडते. वाहत्या पाण्यात तरंगणाऱ्या दोरीचा उरलेला भाग सापासारखा पृष्ठभागावर पसरतो. त्यावरून इंजिनाची होडी गेली की पंखा ती दोरी आपल्याकडे ओढून घेतो, तिचे वेढे दांड्याभोवती घट्ट बसतात आणि इंजिन बंद पडते. शांत पाण्यात एवढ्याने फारसे बिघडत नाही. परंतु नदीच्या मुखाशी, ओहोटीच्या ओढीत, भरलेली होडी अशी निर्जीव झाली तर ती वाळूच्या दांड्याकडे किंवा पुलाच्या खांबाकडे वाहत जाते. गुंता सोडवण्यासाठी दोघे-तिघे एकाच बाजूला वाकले की होडी कलंडते. कोणी पाण्यात उतरला आणि घाईत दुसऱ्याने इंजिन सुरू केले, तर काय होईल ते लिहिण्याचीही गरज नाही.

यात एक गोष्ट आमच्या वाचकांच्या सहसा लक्षात येत नाही. अमावास्येच्या सुमारास कुर्ली मांसाने भरलेली असते, अशी आपल्या किनाऱ्यावर जुनी समजूत आहे. म्हणून काळोख्या रात्री सापळे अधिक लागतात. पण अमावास्या म्हणजे उधाण. त्या दिवसांत भरती सर्वांत उंच चढते, ओहोटी सर्वांत खाली जाते आणि प्रवाह सर्वांत जोरात असतो. म्हणजे सापळे सर्वाधिक, पाण्याचा जोर सर्वाधिक आणि उजेड सर्वांत कमी, असा तिहेरी योग दर महिन्याच्या अमावास्येला जुळून येतो. अशा रात्री काळ्या पाण्यावरची ती पारदर्शक बाटली तांडेलाला कशी दिसावी?

आणि ती दिसली, तरी तिचा अर्थ कळला पाहिजे. इंदूरहून सुटीत आलेले कुटुंब संध्याकाळी मांडवीत नौकाविहाराला जाते. समुद्र त्यांनी प्रथमच पाहिलेला असतो. पाण्यावर डोलणारी पांढरी वस्तू त्यांना कचरा वाटते, यात आश्चर्य नाही. पण हंगामापुरता कामावर ठेवलेला, या नदीत कधी जाळे न टाकलेला एखादा नौकाचालकही तिला कचराच समजत असेल, तर तो प्रवाशांचाही घात करतो आणि मासेमाराचाही. कारण पंख्याने कापलेली दोरी ही एका घरच्या मिळकतीची दोरी असते. सापळा गेला, आत आलेली कुर्ली गेली, आणि भरपाई कोणाकडे मागायची तर होडी केव्हाच दृष्टीआड झालेली.

आजची परिस्थिती कशी आली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मांडवी आणि जुवारी या नद्या लोहखनिजाच्या वाहतुकीने दशकानुदशके गजबजलेल्या होत्या. हजार, दोन हजार टन माल घेतलेली बार्ज नदीच्या वरच्या भागातून मुरगाव बंदराकडे जात. पावसाळ्यात आग्वादच्या वाळूच्या दांड्यामुळे मांडवीचे मुख धोक्याचे होई, तेव्हा तीच बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरत. भरलेले बार्ज पाहिजे तेव्हा थांबत नाही आणि पाहिजे तिकडे वळत नाही. खोल पाण्याची वाट सोडली तर ते रुतते. म्हणून त्या काळी होडीवाल्याला वाट सोडावीच लागे, आणि ती कोठून कोठवर आहे हे त्याला तोंडपाठ असे.

पुढे २०१२ साली खाणी थांबल्या. मध्यंतरी काही काळ सुरू होऊन सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे २०१८ च्या मार्चमध्ये त्या पुन्हा बंद पडल्या. नद्या ओस पडल्या. वाहतूक नसलेल्या रस्त्यावर शेतकरी भात वाळत घालतो, तसे मोकळ्या पाण्यात सापळे पसरले जावेत, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. परंतु २०२४ पासून काही खाणींचे काम पुन्हा सुरू झाले आहे. दरम्यान नदीवरची दुसरी वर्दळही वाढली. पणजीसमोर कॅसिनो जहाजे आहेत आणि त्यांच्याकडे ये-जा करणाऱ्या होड्या आहेत. पर्यटकांच्या नौका आहेत. पाण्यावर उड्या मारत धावणाऱ्या वेगवान स्कूटर आहेत. रायबंदर-चोडण मार्गावर २०२५ साली रो-रो फेरीबोटी आल्या. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने मांडवी, जुवारी आणि कुंभारजुव्याचा कालवा हे तिन्ही राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत गेले. म्हणजे नदीवर पाहुणे वाढले, परंतु घरात कोणी कोठे बसावे हे मात्र कोणी सांगितले नाही.

समुद्रावरचा कायदा या बाबतीत निःसंदिग्ध आहे. जहाजांच्या टकरी टाळण्यासाठी १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम झाले, ते समुद्राला जोडलेल्या आणि समुद्रगामी जहाजे जाऊ शकतील अशा पाण्यालाही लागू आहेत. त्यांतील नवव्या नियमाचा आशय असा की, मासेमारी करणाऱ्या नौकेने अरुंद जलमार्गातून जाणाऱ्या दुसऱ्या नौकेची वाट अडवू नये. नियम नौकेपुरता बोलतो. पण जी गोष्ट नौकेला करता येत नाही, ती तिने मागे ठेवलेल्या दोरीने करावी, असे कोणी म्हणू शकणार नाही. तेव्हा खोल वाटेत सापळे लावण्याचे समर्थन होऊ शकत नाही, हे आम्ही आमच्या मासेमार बांधवांना स्पष्टपणे सांगू इच्छितो.

परंतु त्याच नियमावलीत पाचवा आणि सहावा नियमही आहेत. प्रत्येक नौकेने सदैव डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवावा, आणि परिस्थितीला साजेशा सुरक्षित वेगानेच चालावे, असे ते सांगतात. हे नियम मोठ्यांना लागू आहेत आणि लहानांनाही. दुर्दैवाने आपल्याकडे नववा नियम होडीवाल्याला ऐकवला जातो. पाचवा आणि सहावा नियम ज्यांना ऐकवायचे, ते वेगाने निघून गेलेले असतात.

मासेमारांच्या मनात या विषयाबद्दल जो संशय आहे, तो समजून घेतल्यावाचून कोणताही उपाय यशस्वी होणार नाही. १९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगतच्या पाण्यात घुसले, पारंपरिक जाळी फाटली, आणि रापणकारांना रस्त्यावर यावे लागले. माथानी साल्ढाणा यांच्यासारखे कार्यकर्ते त्या लढ्यातून पुढे आले. त्या आंदोलनाचे फळ म्हणून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला; किनाऱ्यापासूनचे पाच किलोमीटरचे पाणी यांत्रिक नौकांपासून राखण्यात आले. म्हणजे तेव्हाही तंटा पाण्यावरच्या रेघेचाच होता, आणि रेघ ओढली गेली होती. पण ओढलेली रेघ पाळली जात नाही, ही रापणकारांची तक्रार आजवर थांबलेली नाही. राष्ट्रीय जलमार्गांची घोषणा झाल्यावर ‘नद्यांचे राष्ट्रीयीकरण’ म्हणून गोव्यात जो विरोध झाला, त्याच्या मुळाशी हीच भीती होती. आज सुरक्षिततेसाठी थोडे बाजूला व्हा म्हणतील, उद्या नदीतूनच बाहेर व्हा म्हणतील! ज्याने एकदा ताक नव्हे तर दूधच पोळून प्याले आहे, त्याने फुंकर मारली तर त्याला हसू नये.

म्हणूनच आमचे म्हणणे आम्ही एका वाक्यात मांडतो. वाट मोकळी झाली पाहिजे, पण तेवढ्यासाठी मासेमाराचा वाटा जाता कामा नये. जलमार्गाची रुंदी गरजेपुरतीच आखावी, ती खुणांनी सर्वांना दाखवावी, तिच्या आत एकही सापळा असू नये. आणि तिच्या बाहेरचे पाणी मासेमाराचे आहे, हे त्याच अधिकाराने जाहीर व्हावे. एक बाजू पाळायची आणि दुसरी विसरायची, असे झाले तर तो नियम राहणार नाही, ती बळजोरी होईल.

सामायिक पाण्याचे नियम आपल्याला कोणा परक्याने शिकवण्याची गरज नाही. आपल्या खाजन शेतीकडे पाहा. खारे पाणी अडवणारा बांध, त्यातली मानस, भरतीला मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी तिची झडप, आणि त्या मानसीवर मासळी धरण्याचा हक्क. हा हक्क घेणाऱ्याला पैसा मिळे, पण झडप केव्हा उघडायची ती त्याच्या लहरीवर नसे. त्याने लोभाने खारे पाणी आत घेतले तर साऱ्या गावाचे भात जळे. कुर्ली बांध पोखरते म्हणून तिला धरणे हेही एक प्रकारे बांधाचे रक्षणच होते. शेतकरी, मासेमार आणि बांधाचा राखणदार या तिघांचे हित एका पाण्यात बसवण्याची विद्या आपल्या पूर्वजांना अवगत होती. ती विद्या नदीच्या पात्रापुरती आपण का विसरावी?

आता मासेमार बांधवांशी दोन शब्द. खोल वाटेत सापळा लावल्याने अधिक कुर्ल्या मिळतात, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. खाडीतली मोठी कुर्ली चिखलात बिळ करून राहते. तिवरांच्या मुळांशी, खाजनांच्या कडेला, उथळ आडोशाला तिचे घर असते, आणि रात्री भरतीच्या पाण्याबरोबर ती चरायला निघते. आमिषाचा वास प्रवाहाबरोबर खाली जातो आणि त्या वासाच्या मागाने ती प्रवाहाच्या उलट चालत येते. म्हणजे सापळा तिच्या घराच्या वरच्या अंगाला, काठालगत लागला पाहिजे. ज्या खोल पाण्यात बार्जचा पंखा तळ ढवळून काढतो तेथे नव्हे. वाट सोडण्यात होडीवाल्याचे नुकसान नाही, उलट त्याचा सापळा सकाळी जागेवर सापडण्याची शाश्वती आहे.

जागा निवडताना खुणा ओळखाव्यात. आपल्याकडच्या पद्धतीनुसार समुद्राकडून नदीत शिरताना लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा बोया उजव्या हाताला असतो; त्या दोहोंमधले पाणी जहाजाचे. तेथे सापळा लावू नये, आणि बोयालाच दोरी बांधण्याचा मोह तर कधीही होऊ देऊ नये. ज्या खुणेवर शंभर जणांचे प्राण विसंबून आहेत, ती आपल्या दोरीच्या ओढीने हलली तर ते पाप कोणाच्या माथी? फेरीच्या धक्क्यासमोर, पुलाच्या कमानींखाली, नदीच्या वळणावर आणि मुखाशी सापळे नकोतच. अनेक सापळे ओळीने लावायचे असतील तर ती ओळ काठाला समांतर असावी, पात्राला आडवी नसावी. रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस आणि रस्त्यावर आडवा पडलेला माणूस यांत जो फरक, तोच येथे आहे.

दोरीचे गणितही सोपे आहे. आपल्याकडे उधाणाला पाण्याची चढउतार दोन मीटरांच्या आसपास असते. ओहोटीला तीन मीटर खोल असलेल्या जागी भरतीला पाच मीटर पाणी होते. दोरी तीनच मीटरची ठेवली तर भरतीला खूण बुडते; कोणाला ती दिसत नाही, मालकालाही सापडत नाही. उधाणाच्या भरतीला पुरून थोडी उरेल इतकी दोरी ठेवावी लागते. मग ओहोटीला जी दोरी उरते, ती पाण्यावर पसरू नये म्हणून बुडणारी दोरी वापरावी, किंवा तरंगणाऱ्या दोरीला मध्यावर एक लहानसे वजन बांधावे. एवढ्या एका युक्तीने निम्मे गुंते टळतील. खूण म्हणून पारदर्शक बाटली किंवा काळा डबा नको. नारिंगी किंवा पिवळा, लांबून डोळ्यांत भरणारा तरंड हवा. त्यावर मालकाचा नोंदणी क्रमांक असावा, आणि रात्रीसाठी दिव्याच्या झोतात चमकणारी पट्टी चिकटवावी. अमेरिकेच्या मेन राज्यात शेवंड धरणारा प्रत्येक जण आपल्या तरंडाला आपले स्वतःचे रंग देतो आणि तेच रंग आपल्या नौकेवरही दाखवतो. त्यामुळे कोणाचा सापळा कोणता हे सर्वांना कळते. आपल्या होड्या रंगवण्याची हौस आपल्या किनाऱ्याला काय कमी आहे? नारळी पौर्णिमेला होडीला रंग चढतो, तेव्हाच तरंडांनाही चढावा.

आणखी एक गोष्ट हरवलेल्या सापळ्याची. दोरी तुटून तळाशी राहिलेला बंद पिंजरा आपले काम थांबवत नाही. आत आलेली कुर्ली उपासाने मरते, तिच्या वासाने दुसरी येते, तीही मरते. मालकाला त्याचा काही उपयोग नसतो आणि नदीचे बीज मात्र नासत राहते. अमेरिकेच्याच व्हर्जिनिया राज्यात २००८ पासूनच्या काही हिवाळ्यांत सरकारने मासेमारांनाच मजुरी देऊन चेसापीक उपसागराच्या पाण्यातून असे तीस हजारांहून अधिक बेवारस सापळे बाहेर काढले. अलास्कात सापळ्याच्या एका भागाला कुजणाऱ्या सुती धाग्याची शिवण घालणे बंधनकारक आहे. सापळा हरवला तर काही काळाने धागा कुजतो, खिडकी उघडते आणि खेकडा सुटतो. सुती धागा आपल्याकडे महाग नाही. सापळा बंद पिंजऱ्याचा असेल तर एवढी शिवण त्यात असावीच. अंडी घेतलेली मादी आणि लहान पिल्ले पाण्यात परत सोडावीत, हे आमच्या मासेमारांना सांगण्याची गरज नसावी. पण बाजारातला भाव पाहिला की शहाण्यालाही विसर पडतो, म्हणून सांगतो.

आता नौकाचालकांविषयी. वाट आखलेली असताना ती सोडून काठाच्या पाण्यात शिरण्याचे त्यांना काही कारण नाही. पर्यटकांना तिवरांची शोभा जवळून दाखवायची असेल तर इंजिन मंद ठेवून, पुढे एक माणूस पहाऱ्याला उभा करून जावे. वेगाने गेलेल्या नौकेच्या लाटा लहान होडीला हेलकावतात, सापळे सरकवतात आणि काठ खचवतात. दोरी अडकलीच तर इंजिन ताबडतोब बंद करावे, आधी नांगर टाकावा, प्रवाशांना एका बाजूला येऊ देऊ नये, आणि माणूस पाण्यात असेतो किल्लीला कोणी हात लावू नये. दोरी कापावी लागली तर कापलेले टोक तरंडासह जवळच्या धक्क्यावर पोचते करावे. ज्याच्या चुलीवरची ती दोरी होती, त्याला निदान कळेल तरी.

राहता राहिले सरकार. आणि खरे पाहता सर्वांत मोठी जबाबदारी त्याचीच आहे. पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेले बंदर कप्तान खाते, फेरीबोटी चालवणारे नदी परिवहन खाते आणि मत्स्योद्योग खाते यांचा या पाण्याशी रोजचा संबंध आहे. या तिघांनी एका मेजाशी बसावे आणि मासेमार संस्थांच्या प्रतिनिधींना त्या मेजाशी बसवावे. भिंतीशी उभे करू नये. प्रत्येक नदीची वाहतुकीची वाट नकाशावर आखावी आणि तो नकाशा मराठीत व कोकणीत छापून प्रत्येक धक्क्यावर, प्रत्येक मासळी बाजारात लावावा. इंग्रजी राजपत्रात प्रसिद्ध झालेली सूचना होडीवाल्याने वाचली असे गृहीत धरणे म्हणजे कागदाचे समाधान करणे होय. बोये जागेवर आहेत की नाहीत, त्यांचे दिवे पेटतात की नाहीत, हे पावसाळ्यानंतर दरवर्षी तपासून जाहीर करावे. जेथे रेघ दाखवलेली नाही तेथे ती ओलांडल्याबद्दल दंड करण्याचा नैतिक अधिकार कोणत्याही सरकारला पोचत नाही.

दुसरे असे की, सापळे जप्त करण्यापेक्षा चांगले तरंड आणि बुडणारी दोरी सवलतीत देणे स्वस्त पडेल. एखाद्या कॅसिनो जहाजाकडून नदी वापरण्यासाठी जे शुल्क घेतले जाते, त्याच्या मानाने हा खर्च दखल घेण्याजोगाही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१८ साली मासेमारीच्या साधनांवर खूण करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आहेत. त्यांचा आधार घेऊन तरंडांच्या नोंदणीची साधी पद्धत सुरू करता येईल. तिसरे, तंटे सोडवण्यासाठी जागच्या जागी काही व्यवस्था हवी. वाटेबाहेर लावलेला, क्रमांक असलेला सापळा कोणा नौकेने तोडला तर त्याची भरपाई महिन्याभरात मिळाली पाहिजे. आणि वाटेत लावलेल्या सापळ्याने नौकेचे नुकसान झाले तर त्याचा जाबही त्याच ठिकाणी विचारला गेला पाहिजे. न्याय दोन्ही हातांनी दिला तरच तो दोन्ही हातांनी घेतला जातो.

हा प्रश्न केवळ मांडवी-जुवारीचा नाही. तेरेखोलच्या एका काठावर गोवा, दुसऱ्या काठावर पुष्कळ अंतर सिंधुदुर्ग. इकडचा कायदा १९८० चा, तिकडचा १९८१ चा. पाणी मात्र एकच, आणि कुर्लीला सीमा माहीत नाही. तारकर्ली-देवबागच्या कर्ली खाडीत पर्यटकांच्या होड्यांची जी गर्दी लोटते, तिच्यामुळे तेथेही हाच पेच आहे. दोन्ही राज्यांच्या खात्यांनी निदान तेरेखोलपुरता तरी एकच नकाशा आणि एकच नियम केला, तर तो साऱ्या कोकण किनाऱ्याला कित्ता ठरेल.

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. समुद्रातली मासळी बाजारातून कमी होते आणि नदी-खाडीतल्या कुर्लीला भाव येतो. त्याच दिवसांत पात्र तुडुंब असते, पाणी गढूळ असते आणि तरंड दिसणे सर्वांत कठीण असते. म्हणून येत्या पावसाळ्यापूर्वी वाट आखली गेली पाहिजे आणि बोये जागेवर आले पाहिजेत. अपघातानंतर समिती नेमण्यापेक्षा अपघातापूर्वी बैठक घेणे कमी खर्चाचे असते, एवढे तरी आमच्या राज्यकर्त्यांनी आजवरच्या अनुभवातून शिकावे.

मासेमार बांधवांनी मात्र सरकारची वाट पाहत थांबू नये. आजच्या रात्रीचा सापळा कोठे लावायचा, हे ठरवण्यासाठी त्यांना कोणाच्या परिपत्रकाची गरज नाही. आपल्या बापजाद्यांनी बार्जच्या गर्दीतही जी वाट ओळखली, ती त्यांनाही ओळखता येते. दोन हात काठाकडे सरकल्याने त्यांचा हक्क कमी होणार नाही. उलट आपली बाजू स्वच्छ ठेवणाऱ्यालाच दुसऱ्याच्या बाजूकडे बोट दाखवता येते. पाण्यावरची रेघ टिकत नाही म्हणतात. आपली टिकेल, पण ती सरकारने ओढली पाहिजे, नौकाचालकाने मानली पाहिजे आणि होडीवाल्याने राखली पाहिजे.